डंजन्स अँड ड्रॅगन्स : आवृत्त्या व नियम-सुधारणा

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा एक कथानकप्रधान बैठा खेळ असून भूमिकाक्रीडा या आधुनिक खेळप्रकाराचा तो आद्य नमुना मानला जातो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा या गावी जानेवारी १९७४ मध्ये तो प्रथम प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत त्याच्या नियमांची अनेकदा पुनर्रचना झाली. या पुनर्रचनांना आवृत्त्या असे म्हणतात. ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत मुख्यतः दुरुस्त्या व भर असते. या खेळाच्या नव्या आवृत्तीत मात्र खेळण्याची पद्धतच बदलू शकते. त्यामुळे प्रत्येक आवृत्तीच्या वेळी खेळाचे सातत्य कशात आहे आणि त्यात बदल करण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न पुन्हा उपस्थित झाले.

खेळाचे स्वरूप : साधारणपणे चार ते सहा जण मेजाभोवती बसून हा खेळ खेळतात. त्यांपैकी एक सूत्रधार असतो व इतर प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो. योद्धा, जादूगार, धर्मोपदेशक, चोर यांसारखे पात्रांचे वर्ग असतात. सूत्रधार प्रसंगाचे वर्णन करतो. आपले पात्र त्या प्रसंगी काय करील, हे खेळाडू सांगतात. आणि कृतीचे फळ अनिश्चित असेल, तेथे फासे टाकून निर्णय केला जातो. फासे चार, सहा, आठ, बारा व वीस पृष्ठांचे असतात. दहा पृष्ठांचा फासा पुढे त्यांत आला. प्रत्येक पात्राचे बळ, चापल्य, काटकपणा, बुद्धी, शहाणपण व प्रभाव हे सहा गुण अंकांनी दर्शविलेले असतात. मूळ नियमांनुसार प्रत्येक गुणासाठी सहा पृष्ठांचे तीन फासे टाकून बेरीज घेतली जाई. त्यामुळे गुणांक ३ ते १८ यांच्या दरम्यान येई. १८ हा अंक २१६ शक्यतांपैकी केवळ एकाच शक्यतेत मिळतो. साहसे पार पाडल्यावर पात्राला अनुभवांक मिळतात व त्याची पातळी वाढते. खेळात अंतिम जय किंवा पराजय नसतो. एकच कथानक कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे चालते.

बुद्धिबळाचा एखादा नियम बदलला, तर त्याचा परिणाम पुढील डावापासून होतो. मागचा डाव संपलेला असतो (⟶ बुद्धिबळ). भूमिकाक्रीडेत मागचा डाव संपलेला नसतो. पात्रांच्या नोंदी, सूत्रधाराने काढलेले नकाशे, विकत घेतलेल्या साहसपुस्तिका आणि गटाने परस्परसंमतीने ठरविलेले संकेत हे सर्व जुन्या नियमांशी जोडलेले असते. नियम बदलल्यास हा संचय निरुपयोगी होण्याची भीती असते. उलट, नियम बदललेच नाहीत, तर त्यांतील संदिग्धता व विसंगती वाढत जातात, नवागताला खेळात प्रवेश मिळणे कठीण होते आणि प्रकाशकाची विक्रीही मंदावते. आवृत्ती-सुधारणेची मूळ अडचण या दुहेरी ओढीत आहे.

उगम : या खेळाचे मूळ यूरोपातील रणक्रीडांत सापडते. जर्मनीतील ब्रन्सविक येथील हेल्व्हिग यांनी १७८० मध्ये बुद्धिबळाच्या पटाचा विस्तार करून युद्धाभ्यासाचा खेळ तयार केला. प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी राइसव्हिट्स यांच्या १८२४ च्या खेळात निर्णय देणाऱ्या पंचाला महत्त्वाचे स्थान होते. एच्. जी. वेल्स यांच्या ‘लिटल वॉर्स’ (१९१३) या पुस्तकाने असे खेळ सामान्य घरांत नेले. गॅरी गायगॅक्स (१९३८–२००८) आणि जेफ पेरेन यांनी १९७१ मध्ये ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन रणक्रीडेचे नियम प्रसिद्ध केले. त्यांना जोडलेल्या पुरवणीत ड्रॅगन, जादूगार इ. अद्‌भुत घटकांचा समावेश होता. त्याच सुमारास मिनेसोटा राज्यात डेव्ह आर्नेसन (१९४७–२००९) यांनी ब्लॅकमूर या कल्पित प्रदेशातील खेळ सुरू केला. त्यात प्रत्येक खेळाडूकडे सैन्याऐवजी एकच वीर असे, तो किल्ल्याखालील भुयारांत शिरे आणि एका बैठकीतील अनुभव त्याला पुढील बैठकीत उपयोगी पडे. गायगॅक्स व आर्नेसन यांच्या सहकार्यातून नवा खेळ सिद्ध झाला.

पहिल्या मुद्रणाच्या एक हजार प्रती काढण्यात आल्या. एका पेटीत तीन लहान पुस्तिका असे तिचे स्वरूप होते. हे नियम स्वयंपूर्ण नव्हते. लढाईसाठी ‘चेनमेल’चा आधार सुचविला होता, रानावनातील प्रवासासाठी दुसऱ्याच एका प्रकाशकाच्या खेळाचा नकाशा वापरण्यास सांगितले होते. जेथे नियम अपुरे पडले, तेथे प्रत्येक गटाने आपापले नियम घातले. अशा रीतीने खेळाचा मोठा भाग छापील मजकुराच्या बाहेर, खेळणाऱ्यांच्या संकेतांत वाढला. पुढील आवृत्त्यांसंबंधीच्या बहुतेक वादांचे बीज येथेच आहे.

प्रमाणीकरणाचा प्रयत्न (१९७५–८९) : १९७५ पासून निघालेल्या पुरवण्यांनी नवे वर्ग व नवे नियम आणले. त्यांपैकी ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत चोर हा वर्ग आला. टॉल्किन यांच्या कादंबऱ्यांच्या हक्कधारकांनी आक्षेप घेतल्यामुळे त्यांच्या साहित्यातून आलेली हॉबिट इ. नावे पुढील मुद्रणांतून वगळण्यात आली. म्हणजे आवृत्ती न बदलताही मजकूर बदलत होता. १९७७ मध्ये प्रकाशनसंस्थेने खेळाच्या दोन शाखा केल्या. नवशिक्यांसाठी जॉन एरिक होम्स यांनी संपादित केलेला सोपा संच काढण्यात आला. अनुभवी खेळाडूंसाठी ‘अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’ ही विस्तृत शाखा सुरू झाली. तिचे तीन मुख्य ग्रंथ अनुक्रमे १९७७, १९७८ व १९७९ मध्ये निघाले व त्यांचे लेखन गायगॅक्स यांनी केले. ठिकठिकाणच्या गटांतील खेळ एकसारखा व्हावा आणि स्पर्धांमध्ये निर्णय समान लागावेत, हा तिचा एक हेतू होता. दोन्ही शाखा दीर्घकाळ समांतर चालल्या. सोप्या शाखेच्याही १९८१ व १९८३ मध्ये नव्या आवृत्त्या निघाल्या.

दुसरी आवृत्ती (१९८९) : विस्तृत शाखेची दुसरी आवृत्ती डेव्हिड कुक यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली. गायगॅक्स त्यापूर्वीच संस्थेतून बाहेर पडले होते. दहा वर्षांत विखुरलेले नियम एकत्र आणणे, त्यांची मांडणी सुसंगत करणे आणि तरीही जुनी साहसे थोड्या फेरफारांनी वापरता यावीत, अशी काळजी घेणे हे या आवृत्तीचे स्वरूप होते. अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात काही धार्मिक गट व पालकसंघटना यांनी या खेळावर सैतानपूजेचा आरोप केला होता. त्या वातावरणात दैत्यवाचक रूढ नावे टाळण्यात आली आणि मारेकरी हा वर्ग वगळला गेला. यावरून नियम-सुधारणेवर खेळाच्या अंतर्गत गरजांप्रमाणेच समाजाच्या दडपणाचाही परिणाम होतो, हे स्पष्ट होते. नियमांच्या अंकगणितात मात्र मूलभूत बदल झाला नाही.

तिसरी आवृत्ती (२०००) : मूळ प्रकाशनसंस्था आर्थिक अडचणीत आल्यावर १९९७ मध्ये ती विझार्ड्‌स ऑफ द कोस्ट या संस्थेने विकत घेतली, १९९९ मध्ये ही संस्था हॅस्ब्रो या खेळणी-उद्योगाच्या मालकीची झाली. जोनाथन ट्वीट, माँटी कुक व स्किप विल्यम्स यांनी तयार केलेली तिसरी आवृत्ती २००० मध्ये निघाली. तिने अंकगणिताची फेरमांडणी केली. लढाईच्या नियमाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. दुसऱ्या आवृत्तीत चांगल्या चिलखताचा संरक्षणांक लहान असे व तो शून्याखालीही जाई. हल्ला करणाऱ्याचा एक ठराविक अंक असे. त्यातून प्रतिपक्षाचा संरक्षणांक वजा करून येणारी संख्या वीस पृष्ठांच्या फाशावर गाठावी लागे. हल्ल्याचा अंक १६ व संरक्षणांक ४ असल्यास फाशावर १२ किंवा अधिक पडणे आवश्यक होते. तिसऱ्या आवृत्तीत उत्तम चिलखताचा अंक मोठा धरण्यात आला. वरील ४ या अंकाच्या जागी १६ हा अंक आला आणि हल्ल्याच्या अंकाऐवजी फाशावरील दानात मिळविण्यासाठी ४ ही वाढ देण्यात आली. फासा अधिक ४ ही बेरीज १६ होण्यासाठी १२ पडावे लागतात. दोन्ही पद्धतींत यशाच्या शक्यता वीसपैकी नऊ, म्हणजे ४५ टक्केच आहेत. बदलली ती केवळ आकडेमोडीची दिशा; वजाबाकीच्या जागी बेरीज आली. जुन्याचे नव्यात रूपांतर करणे अशा ठिकाणी सोपे असते. जुन्या पात्रांच्या रूपांतरासाठी स्वतंत्र पुस्तिकाही काढण्यात आली. संकटातून बचावाचे पाच प्रकार होते, त्यांचे तीन करण्यात आले. विशिष्ट वंशाच्या पात्रांवरील वर्गांचे निर्बंधही काढण्यात आले.

याच वर्षी संस्थेने मुक्त क्रीडा परवाना जाहीर केला. अमेरिकी कायद्यानुसार खेळण्याच्या पद्धतीवर प्रताधिकार मिळत नाही. ती मांडणाऱ्या शब्दरूपावर मिळतो. ही सीमारेषा व्यवहारात अस्पष्ट असल्याने लहान प्रकाशकांना खटल्याची भीती असे. नव्या परवान्याने नियमांचा मोठा भाग अटींसह कोणालाही वापरण्यास मोकळा केला. त्यामुळे इतर प्रकाशकांची असंख्य साहसे व पुरवण्या बाजारात आल्या आणि या खेळावर उपजीविका करणारा लेखक, चित्रकार व मुद्रक यांचा एक वर्ग निर्माण झाला. २००३ मध्ये आवृत्तीचे सुधारित रूप प्रसिद्ध झाले. बदल लहान परंतु पुष्कळ असल्याने आधीची पुस्तके तीनच वर्षांत जुनी ठरली, अशी तक्रार खेळाडूंनी केली.

चौथी आवृत्ती (२००८) : रॉब हाइन्सो यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली चौथी आवृत्ती सर्वांत मूलगामी ठरली. सर्व वर्गांच्या क्षमता एकाच साच्यात बसविण्यात आल्या. काही क्षमता हव्या तेव्हा, काही प्रत्येक चकमकीत एकदा आणि काही दिवसातून एकदा वापरता येत. लढाई चौकोनी घरांच्या पटावर सोंगट्या मांडून खेळली जाई. वर्गांमधील समतोल आणि सूत्रधाराची सुलभ पूर्वतयारी हे या रचनेचे खरे गुण होते. तथापि योद्धा आणि जादूगार यांच्या खेळण्याच्या रीतींत पूर्वी असलेला ठळक भेद पुसट झाला, असे अनेक जुन्या खेळाडूंना वाटले. रचनाच भिन्न असल्याने पात्रांचे सरळ रूपांतर शक्य नव्हते. फर्गॉटन रेल्म्‌स या लोकप्रिय कल्पित जगाचा काळही सुमारे शंभर वर्षांनी पुढे नेण्यात आला. त्यामुळे त्या जगात वर्षानुवर्षे चाललेल्या कथानकांचा धागा तुटला.

या आवृत्तीबरोबर आलेला परवाना पूर्वीपेक्षा कडक होता. पायझो या प्रकाशनसंस्थेने त्याचा स्वीकार न करता २००० च्या परवान्याच्या आधारे, २००३ च्या नियमांवरून ‘पाथफाइंडर’ हा खेळ तयार केला. त्याचा मसुदा वाचकांकडून जाहीरपणे तपासून घेण्यात आला व ऑगस्ट २००९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्यांना जुनी रीत सोडायची नव्हती, असे पुष्कळ खेळाडू तिकडे वळले. तत्पूर्वी, २००६ मध्येच त्याच परवान्याच्या साहाय्याने १९७० नंतरच्या दशकातील नियमांची पुनर्मांडणी करणारी ‘ऑस्रिक’ ही संहिता निघाली होती. अशा पुनर्मांडण्यांमुळे जुन्या रीतीच्या खेळाची एक स्वतंत्र चळवळ उभी राहिली. प्रकाशक एखाद्या आवृत्तीचे मुद्रण थांबवू शकतो, परंतु तिचा खेळ थांबवू शकत नाही, हे या घटनांनी सिद्ध केले.

पाचवी आवृत्ती (२०१४) : जानेवारी २०१२ मध्ये नव्या आवृत्तीची घोषणा झाली व मे महिन्यात जाहीर चाचणी सुरू झाली. पावणेदोन लाखांहून अधिक लोकांनी चाचणीसाठी नावे नोंदविली. पहिल्या चाचणी-संचात १९७९ च्या एका प्रसिद्ध साहसातील गुहांचा उपयोग करण्यात आला. जुने साहस नव्या नियमांनी खेळताना पूर्वीचाच अनुभव येतो का, हे पाहण्याचे ते चांगले माप होते. याच काळात जुन्या आवृत्त्यांचे ग्रंथ पुनर्मुद्रित करण्यात आले. माइक मर्ल्स व जेरेमी क्रॉफर्ड यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले मुख्य ग्रंथ २०१४ मध्ये निघाले.

अनेक लहान बेरजा-वजाबाक्यांच्या जागी ‘अनुकूलता’ हा एक साधा नियम आणणे, हे या आवृत्तीचे वैशिष्ट्य होय. परिस्थिती अनुकूल असल्यास वीस पृष्ठांचे दोन फासे टाकून मोठे दान घ्यावयाचे. प्रतिकूल असल्यास लहान घ्यावयाचे. वरील उदाहरणात १२ किंवा अधिक पडण्याची शक्यता एका फाशाने ४५ टक्के आहे. दोन्ही फासे ११ किंवा कमी येण्याची शक्यता सुमारे ३० टक्के असल्याने, अनुकूलतेमुळे यशाची शक्यता सुमारे ७० टक्के होते. हा नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे आणि खेळाडूला आपली संधी वाढल्याचे हातात प्रत्यक्ष जाणवते. सहा गुण, वर्ग, पातळ्या व वीस पृष्ठांचा फासा ही खेळाची ओळख कायम ठेवण्यात आली. पटाचा वापर ऐच्छिक झाला. ही आवृत्ती अत्यंत लोकप्रिय ठरली.

परवान्याचा वाद व २०२४ चे सुधारित नियम : ऑगस्ट २०२२ मध्ये पाचव्या आवृत्तीच्या सुधारणेची घोषणा झाली. जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा एक मसुदा बाहेर फुटला. त्यानुसार २००० च्या परवान्याची मान्यता काढून घेतली जाणार होती. वर्षाला साडेसात लाख डॉलरांहून अधिक उत्पन्न असलेल्या प्रकाशकांना त्यापुढील उत्पन्नाचा चौथा हिस्सापर्यंत स्वामित्वशुल्क द्यावे लागणार होते. वीस वर्षे ज्या आधारावर लहानमोठे व्यवसाय उभे राहिले, तोच काढला जात असल्याची भावना पसरली व तीव्र विरोध झाला. २७ जानेवारी २०२३ रोजी संस्थेने मसुदा मागे घेतला आणि पाचव्या आवृत्तीच्या नियमांचे सुमारे चारशे पृष्ठांचे संदर्भपत्र क्रिएटिव्ह कॉमन्स या सार्वजनिक परवान्याखाली खुले केले. हा परवाना रद्द करता येत नाही. त्यामुळे नियमांच्या त्या भागावर मालकाचेही एकतर्फी नियंत्रण उरले नाही.

सुधारित ग्रंथ सप्टेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात निघाले. त्यांना सहावी आवृत्ती असे म्हणण्यात आले नाही व २०१४ नंतरची साहसे वापरता येतील, असे धोरण ठेवण्यात आले. पात्राच्या मानवी वा मानवेतर कुळासाठी वापरला जाणारा ‘वंश’ हा शब्द टाळून ‘जाती’ (प्राणिशास्त्रातील अर्थाने) हा शब्द योजण्यात आला. गुणांकांतील वाढ कुळाऐवजी पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडण्यात आली. जन्मावरून बुद्धी वा बळ ठरविण्याच्या कल्पनेवर झालेल्या टीकेचा हा परिणाम होता. २०२५ मध्ये या नियमांचे संदर्भपत्रही सार्वजनिक परवान्याखाली देण्यात आले.

इतर भूमिकाक्रीडांशी तुलना : हाच प्रश्न इतर जुन्या भूमिकाक्रीडांपुढेही आला. ‘कॉल ऑफ कथुलू’ (१९८१) या भयकथाप्रधान खेळाच्या सातव्या आवृत्तीत (२०१४) ३ ते १८ यांमधील गुणांक पाचाने गुणून शंभराच्या मापावर आणले गेले. त्यामुळे ते कौशल्यांच्या टक्केवारीशी जुळले आणि जुनी साहसे एका गुणाकाराने वापरण्याजोगी राहिली. ‘ट्रॅव्हलर’ (१९७७) या अंतराळप्रवासाच्या खेळाच्या १९९३ च्या आवृत्तीत मात्र फाशांची पद्धत बदलली आणि त्यातील कल्पित साम्राज्यही कोसळल्याचे दाखविण्यात आले. २००८ मध्ये दुसऱ्या प्रकाशकाने काढलेली आवृत्ती दोन फाशांच्या मूळ पद्धतीकडे वळली.

समालोचन : या इतिहासावरून काही सामान्य निष्कर्ष काढता येतात. आकडेमोड सुलभ करणारे बदल, जुन्या व नव्या मापांत सरळ नाते असेल, तर सहसा टिकतात. पात्राला खेळविण्याची रीत किंवा कल्पित जगाचा धागा तोडणारे बदल, ते गुणांनी सरस असले तरी, स्वीकारले जाणे अवघड असते. खेळाडूंना मसुद्याच्या अवस्थेत सहभागी करून घेतल्यास दोष लवकर उघड होतात. तसेच नव्या नियमांविषयी आपलेपणा निर्माण होतो. या खेळाचे ग्रंथ प्रकाशकाच्या मालकीचे असले, तरी त्यातील कथानके ती रचणाऱ्या गटांची असतात, आणि प्रत्येक आवृत्तीचे भवितव्य अखेर त्यांच्या संमतीवर अवलंबून राहिले आहे. २०२४ चे नियम प्रचलित झाल्यानंतरही २०१४ चे तसेच त्याहून जुने नियम अनेक गटांत वापरले जातात; गायगॅक्स व आर्नेसन यांच्या १९७४ च्या पुस्तिकांवरून खेळणारे गटही आहेत.